खाल्ल्या मिठाची व्युत्पत्ती

‘वर्थ हिज सॉल्ट’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा उगम सर्रास रोमन सैनिकांच्या मिठाच्या पगारात सांगतात. ‘सॅलरी’ लॅटिन ‘सालारियम’वरून आली हे खरे; पण सैनिकांना पगार म्हणून मीठच मिळे, याला भक्कम पुरावा नाही. इंग्रजी वाक्प्रचारात मीठ लायकी मोजते, आपल्या ‘खाल्ल्या मिठाला जागणे’त इमान. हे फारसी ‘नमकहलाल’चेच रूप, असा आक्षेप येईल. असेलही; पण उसना शब्दही ओळखीच्या जमिनीतच रुजतो. तशी जमीन आपल्याकडे होतीच: ठाणे खाडीच्या पट्ट्यातल्या आगरी समाजाचे नावच मिठागराच्या ‘आगरा’शी जोडतात. भरतीचे पाणी वाफ्यात अडवायचे, उन्हात आटवायचे, पांढरे खडे ओढून बांधावर रास घालायची. 1970मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, खाडीकाठ पालटला. वाक्प्रचार मात्र रोजच्या बोलण्यात टिकून आहे.