निशाणावरचा चांदीचा पंजा

मोहरमात काठीच्या टोकाला मिरवणारे धातूचे पंजे आपल्या भागात सर्वांच्या परिचयाचे आहेत. असाच एक चांदीचा पंजा भारतीय सैन्यातील एका नामवंत रिसाल्याच्या निशाणावर आहे आणि त्यावर कुराणशरीफातील शब्द कोरलेले आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. तो रिसाला म्हणजे ‘पूना हॉर्स’.

पनवेलहून बोरघाट चढून आपण ज्या पुण्यास जातो, तेथेच या रिसाल्याचा उगम आहे. १८१७ साली पेशवे व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. त्यानुसार पेशव्यांच्या खर्चाने कंपनीने हे घोडदळ उभारले. पुढे १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत ते पेशव्यांच्याच फौजेविरुद्ध लढले!

त्या काळी निशाण ही केवळ शोभेची वस्तू नव्हती. धुरळ्यात आणि तोफांच्या धुरात आपले दळ कोठे आहे, हे स्वाराला निशाणावरूनच कळे. निशाण गेले की धीर सुटे. म्हणून ते राखण्यासाठी माणसे प्राण देत आणि शत्रूचे निशाण मिळवणे हा मोठा पराक्रम मानला जाई.

१८५६ साली हेरातच्या प्रश्नावरून इंग्रज आणि इराणचा शाह यांच्यात युद्ध जुंपले. मुंबईहून फौज इराणी आखातात गेली. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी खुशाब येथे लढाई झाली व तेथे पूना हॉर्सच्या हाती इराणी फौजेचे, माथ्यावर चांदीचा पंजा असलेले निशाण लागले. दख्खनचा स्वार आणि फारसचा शिपाई यांचे आपसांत कसलेच वैर नव्हते. दोघेही दुसऱ्यांच्या भांडणात उभे होते.

त्या पंजावरील शब्द सूरह फतहच्या दहाव्या आयतीतील आहेत. परमेश्वराची सत्ता सर्व मानवी हातांच्या वर आहे, असा त्यांचा आशय. जिंकणाऱ्यांनी ते शब्द पुसले नाहीत. उलट तो पंजा आपला मान म्हणून स्वीकारला. जो विजयाचे चिन्ह मिरवतो, त्यालाच विजयाचा गर्व करू नकोस, असे ते चिन्ह सांगत राहिले.

पुढे घोडे गेले, रणगाडे आले. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, ब्रिटिश राजवटीची निशाणे डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीत सन्मानाने ठेवण्यात आली. पूना हॉर्सचा पराक्रम मात्र चालूच राहिला. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये अवघ्या एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी प्राणार्पण केले. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. एक पारशी, एक पंजाबी हिंदू. आणि त्यांच्या रिसाल्याच्या निशाणावर अरबी अक्षरे!

विद्यार्थी मित्रांनो, या एका निशाणाची हकीकत नीट समजून घ्यायची, तर पेशवे दप्तरासाठी मोडी, लष्करी कागदांसाठी इंग्रजी आणि पंजावरील लेखासाठी अरबी वाचता आली पाहिजे. ‘आमचा इतिहास’ व ‘त्यांचा इतिहास’ अशी वाटणी करणाऱ्याच्या हाती अर्धाच कागद राहतो. पालकांनी मुलांना मदरशातील अक्षरेही शिकवावीत आणि शाळेतील इतिहासही आवडीने वाचू द्यावा. दोन्ही येणाऱ्या मुलालाच असा पंजा पुरता वाचता येईल.