रुपेरी आगगाडीचें युग

ता. २६ मे १९३४ रोजीं पहाटे पांच वाजून पांच मिनिटांनीं अमेरिकेंतील डेन्व्हर स्टेशनांतून तीन डब्यांची एक आगगाडी निघाली आणि १०१५ मैलांच्या वाटेंत कोठेंहि न थांबतां त्याच सायंकाळीं शिकागोस पोहोंचली. तिला लागलेला वेळ १३ तास ५ मिनिटें. एरवीं याच प्रवासास पंचवीस तासांच्या आसपास लागत. सरासरी वेग ताशीं ७७.६ मैल पडला आणि एका टप्प्यांत तर तो ११२.५ मैलांपर्यंत चढला. बर्लिंग्टन कंपनीच्या या गाडीचें नांव 'झेफिर', म्हणजे ग्रीक पुराणांतील पश्चिमेचा वारा. कंपनीचे अध्यक्ष राल्फ बड यांस तें चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'वरून सुचलें. आगगाड्यांच्या कारभाऱ्याला ऐन कामाच्या वेळीं चॉसर आठवावा, याचें आमच्यासारख्या शिक्षकी पेशाच्या माणसास जें समाधान वाटतें तें लपविण्याचें कारण नाहीं.

परंतु ही धांव केवळ हौसेखातर झालेली नव्हती. १९२० सालीं अमेरिकन आगगाड्यांची जी उतारू-वाहतूक होती, ती १९३३ पर्यंत सुमारें एक-तृतीयांशावर येऊन ठेपली होती. कांहीं लोक मंदीनें नेले, पण त्याआधींच पुष्कळसे मोटारीनें नेले होते. जुन्या काळ्या, धुरकट गाडीकडे लोकांनीं पुन्हां वळून पाहावें तरी कशासाठीं, हा प्रश्न कंपन्यांपुढें होता.

युनियन पॅसिफिक कंपनीनें याचें उत्तर फेब्रुवारी १९३४ मध्यें पुढें केलें. अल्युमिनियमची, पिवळ्या-तपकिरी रंगाची 'एम-१००००' ही गाडी देशभर दाखविण्यांत आली. पण तिचें इंजिन खनिज तेलाच्या एका हलक्या प्रकारावर व ठिणगीच्या साहाय्यानें चालणारें होतें. झेफिर निराळी होती. राल्फ बड यांनीं १९३३ च्या शिकागो येथील प्रदर्शनांत जनरल मोटर्सचीं नवीं डिझेल इंजिनें चालतांना पाहिलीं होतीं. त्या जातीचें सहाशें अश्वशक्तीचें इंजिन त्यांनीं आपल्या गाडीसाठीं मागितलें. डबे बांधण्याचें काम फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांजकडे गेलें. आडनांव एक असलें तरी हे दोघे भाऊबंद नव्हेत. एडवर्ड बड यांचा मूळ धंदा मोटारींचे सांगाडे बनविण्याचा. न गंजणारें पोलाद फार वेळ तापविलें तर त्याचा न गंजण्याचा गुण सांध्यापाशीं जातो. म्हणून त्यांच्या कारखान्यांत नेमका मोजलेला विजेचा प्रवाह क्षणाच्या अंशापुरताच सोडून पत्रे सांधण्याची युक्ति काढण्यांत आली. तिजमुळें रंगाची गरज नसलेली, रुप्यासारखी चकाकणारी गाडी शक्य झाली. शेजारशेजारच्या डब्यांना मिळून एकच बोगी दिली होती. त्यामुळें तिन्ही डब्यांचें एकत्र वजन एका जुन्या पुलमन डब्याहून फारसें अधिक भरत नसे.

त्या दिवशींची हकीकत मोठी गमतीची आहे. गाडींत पाहुण्यांबरोबर 'झेफ' नांवाचें एक गाढवहि होतें. वाटेंत इंजिन सुरू करण्याची विजेची तार दारांत सांपडून जळाली, इंजिन बंद पडलें आणि गाडी नुसत्या उतारावर मंद मंद घरंगळूं लागली. तेव्हां एका माणसानें तुटलेलीं टोकें हातांनींच जुळवून धरलीं. त्याचे हात भाजले, पण इंजिन पुन्हां चालूं झालें आणि 'न थांबतां' हा शब्द खरा राहिला. हेंहि सांगितलें पाहिजे कीं, डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच आणि शिकागो अवघें सहाशें फूट. शिवाय वाटेंतील फाटकांवर पहारा ठेवलेला होता. तेव्हां या विक्रमांत उताराचा व बंदोबस्ताचाहि वाटा होता. तो वजा घालूनहि जें उरतें तें थोडें नव्हे.

यानंतर अमेरिकेंत 'स्ट्रीमलाइन'चें वेडच शिरलें. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें खरें, आणि ताशीं शंभर मैलांच्या गाडीला निमुळतें नाक शोभतें. मिलवॉकी कंपनीची १९३५ ची 'हायावाथा' वाफेवर चालूनहि त्या वेगास पात्र होती. परंतु पुष्कळ ठिकाणीं जुन्याच इंजिनांवर पोलादी झूल चढविण्यांत आली. ती देखणी असे, पण कारागिरास आंतील भागापर्यंत हात पोहोंचविणें अवघड होई, आणि पुढें अनेकांवरून ती काढून टाकावी लागली. आमच्या मतें या आकारांत अर्धें शास्त्र होतें व अर्धी जाहिरात. मात्र हेन्री ड्रेफस यांनीं सजविलेल्या १९३८ च्या 'ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड'चें चित्र पाहिलें म्हणजे ही टीका करण्याचा धीर होत नाहीं.

वेगाला मर्यादा पडली ती बर्लिंग्टनच्याच रुळांवर. २५ एप्रिल १९४६ रोजीं शिकागोजवळील नेपरव्हिल येथें एक गाडी तपासणीसाठीं अकस्मात थांबली असतां, तिच्या पाठोपाठ अवघ्या दोन-तीन मिनिटांच्या अंतरानें निघालेली दुसरी गाडी तिजवर आदळली. पंचेचाळीस माणसें दगावलीं. यानंतर १९४७ सालीं आंतरराज्य वाणिज्य आयोगानें हुकूम काढला: ताशीं ऐंशी मैल किंवा अधिक वेगानें जावयाचें असेल, तर गाडी आपोआप थांबविणारी अथवा चालकाच्या पुढ्यांतच सिग्नल दाखविणारी यंत्रणा हवी. हुकूम आम्हांस वावगा वाटत नाहीं. पण बहुतेक कंपन्यांनीं यंत्रणेचा खर्च करण्यापेक्षां ताशीं ७९ मैलांवर समाधान मानलें. पुढें विमानें व रुंद मोटार-रस्ते आले, १९६७ मध्यें टपालखात्यानें आपली बहुतेक डाक आगगाड्यांतून काढून घेतली, आणि १९७१ च्या मे महिन्यांत देशांतील बहुतेक उतारू-गाड्या 'ॲमट्रॅक' या निमसरकारी संस्थेकडे गेल्या.

१९३५ सालीं हायावाथा शिकागो ते सेंट पॉल हें ४१० मैलांचें अंतर साडेसहा तासांत तोडीत असे. आज ॲमट्रॅकच्या गाडीला तेथें सातांहून अधिक तास लागतात. 'एम-१००००' युद्धकाळांत, १९४२ सालीं, अल्युमिनियमसाठीं मोडींत निघाली. झेफिर मात्र १९६० पर्यंत धांवली आणि नंतर शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयास देण्यांत आली. रंग न लावलेलें तिचें पोलाद तेथें अद्याप चकाकत आहे.