दोन सेलू आणि सहा आकडे

मोबाईलवरून काहीही मागवा, पत्त्यात पिनकोड लागतोच. ४३१४०१ टाकलं की 'परभणी, महाराष्ट्र' आपोआप उमटतं. आम्हा परभणीकरांना हा आकडा पाठ असतो. तो आला कुठून, हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नाही.

तो आला वाट चुकलेल्या पत्रांमुळे. आमच्या जिल्ह्यात सेलू आहे, वर्धा जिल्ह्यातही सेलू आहे. दोन्ही तालुक्याची गावं, दोन्ही महाराष्ट्रात. आमच्याकडे पालम आहे, दिल्लीतही पालम आहे. (त्यांच्याकडे विमानतळ, आमच्याकडे एसटी स्टँड.) आता कार्डावर नुसतं 'मु. पो. सेलू' असेल तर सॉर्टरने काय करायचं? पत्रांचं सॉर्टिंग बऱ्याचदा रात्री, धावत्या रेल्वेतल्या टपालाच्या डब्यात चालायचं. समोर कप्पे, हातात गठ्ठा, आणि पुढचं स्टेशन यायच्या आत थैली बांधून तयार हवी. त्यात अक्षर कसंही आणि लिपी कुठलीही. चुकीच्या थैलीत पडलेलं कार्ड वर्ध्याचा शिक्का खाऊन परत फिरायचं. तोवर मुलाखतीची तारीख टळलेली असायची, नाहीतर कुणाचा तरी दहावा उरकलेला.

मराठवाड्यात हा घोळ आणखी जुना. निजामाच्या राज्याचं टपाल वेगळं होतं, १८६९पासून तिकिटंही स्वतःची. काही तिकिटांवर तर नखाएवढ्या जागेत उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चारही भाषा. पण ती तिकिटं राज्यापुरतीच चालत. परभणीहून पुण्याला पत्र धाडायचं तर इंग्रजांचं तिकीट लावा! सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद भारतात आलं, १९५०मध्ये निजामाचं टपाल भारतीय टपालात मिसळलं. डाक एक झाली, पत्त्यांचा गोंधळ होता तसाच राहिला.

त्यावर तोड काढली एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते, आणि संस्कृतात कविता-नाटकं लिहिणारे कवीही. त्यांची योजना १५ ऑगस्ट १९७२ला लागू झाली. जगात असे आकडे आधीही होते. जर्मनीत १९४१पासून, अमेरिकेत १९६३पासून. पण आपली अडचण त्यांच्याहून मोठी होती. मराठीत लिहिलेला पत्ता मद्रासच्या सॉर्टरने कसा वाचावा? सहा आकडे मात्र त्यालाही वाचता येतात आणि अमृतसरवाल्यालाही. भाषेत मुरलेल्या माणसाने भाषेला वळसा घालणारी युक्ती शोधावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

युक्ती साधी आहे. पहिला आकडा विभागाचा. देशाचे असे आठ विभाग, नववा सैन्याचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिस सांगतात. आमचं सेलू ४३१५०३, वर्ध्याचं ४४२१०४. दुसऱ्याच आकड्याला वाटा वेगळ्या होतात. गावाचं नाव पुसट झालं तरी चालतं.

सॉर्टिंगचा जिल्हा म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. जालना, नांदेड, बीड, संभाजीनगर आणि आम्ही, सगळे ४३१वालेच. १ मे १९९९ला हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाली. कलेक्टर बदलला, पाट्या बदलल्या, गाड्यांचे नंबर बदलले. पिनकोड अजून ४३१५१३च आहे.