‘टर्बो’ : एका तांत्रिक संज्ञेचा विपणनभाषेतील प्रवास

प्रास्ताविक :
जाहिरातींच्या भाषेत वेगसूचक शब्द विपुल आढळतात. त्यांपैकी ‘टर्बो’ या शब्दाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. तांत्रिक संज्ञेचा मूळ आशय लोपला तरी तिचे आकर्षण कसे टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञेचा उगम :
लॅटिन भाषेत ‘टर्बो’ म्हणजे भोवरा किंवा वावटळ. या मुळावरून क्लोद ब्युर्दँ या फ्रेंच अभियंत्याने १८२२ मध्ये ‘टर्बाइन’ ही संज्ञा घडविली. तिचा रोख गरगर फिरण्यावर होता, वेगावर नव्हे. वेगाशी तिची सांगड ठळकपणे लोकांसमोर आली ती १८९७ मध्ये. राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे भरलेल्या आरमारी संचलनात चार्ल्स पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ ही नौका ३० नॉटहून अधिक वेगाने धावली आणि नौदलाच्या गस्ती बोटींना तिला गाठता आले नाही.

पुढे १९०५ मध्ये स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर टर्बाइन फिरवून इंजिनात अधिक हवा भरण्याच्या योजनेचे पेटंट घेतले. १९६२ मध्ये जनरल मोटर्सने अशा मोटारी अमेरिकेत विक्रीस आणल्या. १९७० च्या दशकात पोर्शेच्या ‘९११ टर्बो’मुळे हा शब्द प्रतिष्ठेचा झाला. या मोटारींत नाव आणि यंत्रभाग यांचा संबंध अबाधित होता.

अर्थाची फारकत :
१९८३ मध्ये बोरलँड कंपनीने ‘टर्बो पास्कल’ ही संगणक प्रणाली बाजारात आणली. तिच्यात टर्बाइन असण्याचा प्रश्नच नव्हता. तथापि ती खरोखर जलद होती. त्याच दशकात वैयक्तिक संगणकांवर ‘टर्बो’ बटण आले. ४.७७ मेगाहर्ट्झ गतीसाठी लिहिलेले जुने खेळ नव्या संगणकावर अतिवेगाने चालत. त्यामुळे गती कमी करणे हाच या बटणाचा मुख्य उपयोग होता. नाव मात्र वेगाचे मिळाले. २०१९ मध्ये पोर्शेने ‘टायकान टर्बो’ सादर केली. ही विद्युत मोटार वेगवान आहे. परंतु तिच्यात टर्बाइन फिरविणारा वायूच नाही. येथे ‘टर्बो’ केवळ श्रेणी व किंमत दर्शवितो.

समारोप :
यंत्रभाग, गुण आणि श्रेणी असे या शब्दाचे तीन टप्पे दिसतात. इंजिनात टर्बाइन आहे की नाही, हे ग्राहकाला तपासता येते. निव्वळ ‘टर्बो’पणा तपासता येत नाही. शब्दाचा प्रभाव वाढत गेला, तसे विक्रेत्याचे उत्तरदायित्व घटत गेले, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.