पती, पत्नी आणि पासबुक

अल्पबचतीचा इतिहास सहसा व्याजदरांच्या चढउतारांतून सांगितला जातो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असताना मीही तो तसाच शिकलो. परंतु प्रशासनात बरीच वर्षे काढल्यावर मला दरापेक्षा दुसराच प्रश्न अधिक बोलका वाटू लागला आहे : पती आणि पत्नी यांना शासन एक खातेदार मानते की दोन? जोडप्याच्या पदरात पडणारे व्याज पुष्कळदा या उत्तरावर ठरत आले आहे.

बचत बँकेच्या कायद्याने ते उत्तर फार लवकर दिले. १८७३ च्या ‘गव्हर्नमेंट सेव्हिंग्ज बँक्स अ‍ॅक्ट’मध्येच अशी तरतूद होती की, विवाहित स्त्रीची ठेव तिलाच देता येईल आणि तिची पावती पुरेशी मानली जाईल. पुढच्याच वर्षी झालेला विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा स्वकमाईवरील हक्काच्या बाबतीत हिंदू, मुसलमान, शीख आदींना लागू नव्हता; बचत बँकेने असा भेद केला नाही. यामागे पुरोगामी विचारापेक्षा कारकुनी सोय असावी, असे माझे मत आहे. खिडकीवर नवऱ्याची संमती तपासत कोण बसणार? १८८२ मध्ये टपाल खात्याची बचत बँक सुरू झाली आणि ही सोय गावोगाव पोहोचू लागली.

प्राप्तिकराने मात्र उलटी वाट धरली. १९३७ च्या दुरुस्तीने १९२२ च्या कायद्यात कलम १६(३) घातले. पतीने पुरेशा मोबदल्याविना पत्नीच्या नावे केलेल्या मालमत्तेचे उत्पन्न त्यामुळे पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाऊ लागले. १९६१ च्या कायद्यात हेच तत्त्व कलम ६४ म्हणून आले आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही ते सोडलेले नाही. ठेवीच्या खिडकीवर दोघे, कराच्या खिडकीवर एक!

या विसंगतीचा हिशोब आजच्या योजनांत स्पष्ट दिसतो. १९८७ मध्ये सुरू झालेल्या टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेत संयुक्त खात्याची मर्यादा पूर्वी वैयक्तिक खात्याच्या दुप्पट असे. १ एप्रिल २०२३ पासून वैयक्तिक मर्यादा ९ लाख, तर संयुक्त १५ लाख झाली. २०२४ मधील ७.४ टक्के दराने १५ लाखांच्या संयुक्त खात्यावर दरमहा ९,२५० रुपये मिळत. ९ लाखांच्या दोन स्वतंत्र खात्यांवर ११,१००. दर तोच, योजना तीच.

२ ऑगस्ट २००४ पासून आलेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तर हा भेद आणखी ठळक आहे. तीत संयुक्त खाते फक्त पती वा पत्नीबरोबरच काढता येते आणि संपूर्ण रक्कम पहिल्या नावाची धरली जाते. दुसरे नाव लावल्याने मर्यादा वाढत नाही. मात्र दोघेही पात्र असतील तर २०२३ पासून प्रत्येकी ३० लाखांपर्यंत स्वतंत्र खाते काढता येते. ८.२ टक्क्यांनी एका खात्यावर तिमाहीला ६१,५०० रुपये होतात, दोन्हींवर १,२३,०००. पुष्कळ घरांत सेवानिवृत्तीची सारी रक्कम ‘साहेबांच्या’ नावे जाते आणि उरलेली कमी दराच्या बँकठेवीत पडून राहते.

पतीने दिलेल्या पैशावरचे व्याज त्याच्याच उत्पन्नात धरले जाईल, हे खरे. तरीही जादा दर मिळतोच. शिवाय त्या व्याजाची पुन्हा ठेव केली, तर तिच्यावरील व्याज मात्र पत्नीचे स्वतःचे होते.

परदेशस्थ वाचकांना अनिवासी म्हणून ही खाती उघडता येत नाहीत. पण मुलाने आईला भेट दिलेल्या रकमेला हा एकत्रीकरणाचा नियम लागत नाही. तिच्या नावे स्वतंत्र खाते असेल, तर ते व्याज तिचेच.