शिवाजी पार्क : भाडेकरूंचे उपनगर

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि मुंबई उत्तरेकडे, दादर-माटुंग्याच्या दिशेने, आखीव रीतीने पसरू लागली. या विस्तारातच १९२५ मध्ये माहीम पार्क लोकांसाठी खुले झाले. अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याचे शिवाजी पार्क झाले. पुढील दोन दशकांत मैदानाभोवती गोलसर सज्ज्यांच्या तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील बरीचशी बिऱ्हाडे भाड्याची होती, हे या वस्तीच्या आजच्या श्रीमंतीमुळे सहज विसरले जाते. चाळीतील सामाईक नळापासून सुटू पाहणाऱ्या पगारदारास येथे स्वतःचे न्हाणीघर मिळाले. ही सुधारणा लहान नव्हे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाचा दुरुस्तीतील रस आटला, परंतु (कायद्यास कितीही नावे ठेवली तरी) मध्यमवर्ग येथे टिकला तो त्याच्याच आधाराने. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासास वाव दिला. जुन्या भाडेकरूस त्यात मालकीची सदनिका मिळते, उरलेले मजले खुल्या बाजारात विकले जातात. भाडेकरू असा मालक झाला. त्याच्या आजोबांसारख्या कारकुनास बिऱ्हाड थाटता येईल अशी खोली मात्र नव्या नकाशात नसते.