‘सेरेंडिपिटी’ : एका शब्दाचा अर्थसंकोच

बहुतेक शब्द भाषेच्या व्यवहारात नकळत रुळतात. त्यांचा जन्मदिवस सांगता येत नाही. इंग्रजीतील ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द याला अपवाद आहे. २८ जानेवारी १७५४ रोजी होरेस वॉल्पोल याने फ्लॉरेन्स येथील ब्रिटिश प्रतिनिधी होरेस मान याला लिहिलेल्या पत्रात तो प्रथम आढळतो. एका जुन्या व्हेनिशियन ग्रंथात वॉल्पोलला कापेल्लो घराण्याच्या कुलचिन्हासंबंधी अनपेक्षित दुवा सापडला होता. अशा शोधांना नाव देण्यासाठी त्याने हा शब्द घडवला आणि त्याची व्याख्याही केली. योगायोग आणि चाणाक्षपणा यांच्या संयोगाने, जे शोधत नव्हतो ते हाती लागणे, हा तिचा आशय. चाणाक्षपणा हा या व्याख्येचा अविभाज्य घटक आहे.

वॉल्पोलने शब्दाचे मूळ सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या कथेत दाखवले आहे. सेरेंडिप हे श्रीलंकेचे ‘सरंदीब’ या अरबी-फारसी नावातून आलेले रूप. त्यामागे ‘सिंहलद्वीप’ आहे. ही कथा १५५७ मध्ये व्हेनिसच्या मिकेले त्रामेझ्झिनोने छापलेल्या इटालियन ग्रंथातून युरोपात पसरली. फारसीतून अनुवाद केल्याचा निर्देश ग्रंथावरच आहे. कथेचे पूर्वरूप दिल्लीच्या अमीर खुस्रोच्या ‘हश्त बिहिश्त’ या चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या काव्यात मिळते.

इटालियन कथेत राजपुत्र वाटेवरच्या खुणांवरून, न पाहिलेल्या उंटाचे वर्णन करतात. गवत एकाच बाजूचे आणि तेही निकृष्ट खाल्लेले आहे, म्हणजे उंट एका डोळ्याने आंधळा. चघळलेल्या गवताचे बोळे वाटेत पडले आहेत, म्हणजे त्याचा एक दात पडलेला. एका पायाचा माग फरफटत गेलेला आहे, म्हणजे तो लंगडा. वाटेच्या एका बाजूस मुंग्या, दुसऱ्या बाजूस माश्या जमल्या आहेत, म्हणजे पाठीवर लोणी आणि मध. वर्णन इतके अचूक ठरते की राजपुत्रांवर चोरीचाच आळ येतो. येथे योगायोग एवढाच, की ते त्या वाटेने गेले. कथेचा सारा भर खुणा वाचण्यावर आहे. वॉल्पोलने ही कथा आठवणीने सांगितली. त्याच्या पत्रात उंटाचे खेचर झाले आहे.

याच कथासूत्राचा दुसरा वंश फ्रान्समध्ये वाढला. व्हॉल्तेअरच्या ‘झादिग’मध्ये (१७४८) नायक राणीची कुत्री आणि राजाचा घोडा न पाहताच त्यांचे वर्णन करतो. टी. एच. हक्सले याने १८८० मध्ये ‘झादिगची पद्धती’ हे पुराजीवशास्त्रासारख्या भूतकाळाचा वेध घेणाऱ्या विज्ञानांच्या तर्कपद्धतीचे नाव म्हणून वापरले. कार्लो गिन्झबुर्ग याने १९७९ च्या निबंधात शिकारी, वैद्य, गुप्तहेर आणि कलासमीक्षक यांना चिन्हवाचनाच्या एकाच परंपरेत बसवले. म्हणजे एका कथेने युरोपला दोन संकल्पना दिल्या : एक अनुमानाची, दुसरी अवचित लाभाची.

दुसऱ्या संकल्पनेचा प्रवास अर्थसंकोचाचा आहे. वॉल्पोलची मानला लिहिलेली पत्रे १८३३ मध्ये प्रसिद्ध झाली. शब्द मात्र दीर्घकाळ ग्रंथप्रेमी आणि संग्राहक यांच्या वर्तुळातच राहिला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने १९४५ च्या आपल्या पुस्तकात त्यावर एक प्रकरण लिहिले, आणि प्रयोगशाळेतील अनपेक्षित शोधांच्या चर्चेत तो स्थिरावला. रॉबर्ट मर्टन आणि एलिनॉर बार्बर यांनी त्याचा इतिहास १९५८ मध्ये लिहून पूर्ण केला. तो इटालियनमध्ये २००२ साली आणि इंग्रजीत २००४ साली प्रकाशित झाला. दरम्यान शब्द लोकप्रिय झाला, आणि सर्वसाधारण वापरात त्यातील चाणाक्षपणा गळून ‘सुखद योगायोग’ एवढाच अर्थ उरला.

मूळ अर्थ हाच खरा अर्थ, असा व्युत्पत्तिवादी आग्रह येथे टिकणार नाही. शब्दाचा उगमच एका सैल स्मरणात आहे. प्रश्न अर्थसंकोचात काय हरवले, हा आहे. मराठीत या शब्दासाठी ‘काकतालीय’ किंवा ‘घुणाक्षर’ हे न्याय सहज सुचतात. परंतु लाकूड पोखरणाऱ्या घुणाला आपण अक्षर कोरले याची जाणीव नसते. ते अक्षर ओळखणारा वाचक वेगळाच असतो. वॉल्पोलच्या व्याख्येत त्या वाचकाला जागा होती. प्रचलित अर्थाने त्याला वगळले आणि घुण तेवढा ठेवला. वाचन हाच जिचा व्यवसाय, त्या समीक्षेने ही वजाबाकी दुर्लक्षू नये.